बपेऱ्याच्या पेटीचा गंधार

२८ सप्टेंबर, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. कारण सांगायला लाज कसली? 'पेटीघर'वर माझे गुण साडेनऊशेच्या वर गेले, आणि हजार झाले की माणूस तिथे 'वस्ताद' होतो. एवढी मोठी गोष्ट घडणार असेल तर ती कुठेतरी लिहून असावी. घरात कोणाला सांगायची सोय नाही. बायकोला, रुखमिणीला सांगितलं तर ती विचारते, "त्या गुनाचे तांदूळ भेटतेत का दुकानात?"

पेटीघर म्हणजे हार्मोनियमच्या नादी लागलेल्या लोकांची इंटरनेटवरची बैठक. कोणी कोल्हापूरचा, कोणी जळगावचा, एक जण तर मस्कतला बसून पेट्या खोलतो. खरी नावं कोणी वापरत नाही. मी तिथे 'सिहोऱ्याचा सूर' आहे. कोणी विचारतो, भाता हवा सोडतो, काय करू? बाकीचे उपाय सांगतात. लिहिलेलं आवडलं तर वाचणारा दहा गुण देतो. नावडलं तर दोन कापतो, पण मग कापणाऱ्याचाही एक जातो, म्हणजे उगाच कोणी कोणाच्या वाटेला जाऊ नये. पन्नास गुण असल्याशिवाय, प्रश्नाचं उत्तर सोडून, दुसऱ्याच्या लिखाणाखाली चार शब्दही टाकता येत नाहीत. आणि हजाराला नाव शेंदरी रंगात उमटतं.

सिहोऱ्याच्या बाजारओळीत मी आयुष्यभर घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त केले. आता त्या दुकानात माझा मुलगा विक्की मोबाइल विकतो आणि मला म्हणतो, बाबा, आराम करा. आराम फार वाईट प्रकार आहे. पहिले काही महिने ओसरीवर बसून मी तुमसरच्या बसमधून कोण उतरतं ते बघत होतो. मग विक्कीनेच जुना फोन दिला आणि त्यात हे घर सापडलं. तेव्हापासून गावातल्या भजन मंडळांच्या पेट्या हौसेने दुरुस्त करतो आणि शिकतो ते तिथे लिहितो. त्या अनोळखी लोकांचे माझ्यावर उपकार आहेत. सकाळी उठायला मला आता कारण असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज बपेऱ्याहून माणसं आली, पेटी घेऊन. बपेरा म्हणजे माझ्या सुनेचं, मेघाचं माहेर. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि बपेऱ्याच्या मंडईत दुपारी दंडार होते. गाणं, नाच, सोंगं, सगळं एकात. त्या दंडारीत मेघाचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, जागेश्वर मुख्य गायक. सत्तरी कधीच ओलांडली, पण अजून लाउडस्पीकरशिवाय बाजारापर्यंत ऐकू जातात.

मंडळाचा भुपेंद्र म्हणाला, "टिकारामजी, उंदरानं भात्याचं चामडं खाल्लं. तीन पट्ट्या तं मुक्याच झाल्या. मंडई तीस तारखेले हाय. तुमच्याशिवाय कोनाले सांगाव?"

असं कोणी म्हटलं की मी पाघळतो. पेटी तिथेच ओसरीवर उघडली. जुनी, भारी पेटी. लाकूड काळं पडलेलं, पण आतले सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळेच्या जिभा, अस्सल.

मेघा चहा घेऊन आली होती. कप ठेवले तरी दारात उभीच. "मामाजी, थे पेटी मोठ्या बाबाजीच्या..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी आतले स्क्रू काढायला पेचकस शोधत होतो. म्हटलं, "बेटा, गुड्डी काय करून राह्यली पाह्य बरं." ती नातीला बघायला आत गेली.

सून चांगली आहे, तक्रार नाही. पण सात वर्षांत माझ्यासमोर सलग पाच वाक्यं बोलली नसेल. आमच्याकडे सासऱ्यापुढे सुनेनं बोलायची रीत नाही, आणि मलाही काय बोलावं ते सुचत नाही. फोनवर मात्र तिची बोटं तासन्‌तास चालतात. नव्या पोरींचं असंच.

५ ऑक्टोबर, रविवार

भाता नवा केला. सूर काढून धुतले, मुक्या पट्ट्या बोलत्या केल्या. मग फोनवरचं सूर मोजायचं ॲप लावलं आणि डोक्याला हात लावला. सूर बरोबर असला की ॲपवर हिरवी रेघ येते, चुकला की लाल. इथे सगळं लालच लाल. सगळेच सूर उतरलेले. त्यातही गंधार आणि निषाद आणखी उतरलेले. इतकी वर्षं हे लोक या पेटीवर गायले तरी कसे?

कानस घेऊन बसलो. पितळेची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. टोकाशी घासत, मोजत, पुन्हा घासत सगळे सूर हिरव्या रेघेवर आणले. पाठ धरली आहे. रुखमिणी म्हणाली, "जेवाले येता, का थ्या हिरव्या रेघेनंच पोट भरते?"

७ ऑक्टोबर, मंगळवार

वस्ताद झालो!

पेटीघरवर 'आधी आणि नंतर' टाकलं होतं. 'आधी'मध्ये फाटक्या भात्याची नुसती फुसफुस, 'नंतर'मध्ये सगळे सूर ओळीने, खाली ॲपच्या हिरव्या रेघांचे फोटो. लोकांनी गुणांचा पाऊस पाडला. कोल्हापूरकडच्या 'जुनी पेटी' नावाच्या थोर सभासदाने लिहिलं, "स्वच्छ काम." त्या माणसाचे दोन शब्द म्हणजे दुसऱ्याची दोन पानं. दुपारी नाव शेंदरी झालं. डोळ्यांत पाणी आलं हे इथेच लिहितो, बाहेर सांगणार नाही. ज्यांनी कधी पाहिलं नाही अशा माणसांनी मला मोठं केलं. देव त्यांचं भलं करो.

एकच खडा लागला. 'मुकी पट्टी' नावाचा कोणी आहे, गुण जेमतेम साठ. त्याने खाली लिहिलं, "ही पेटी एकाच माणसाच्या गळ्याले धरून लावली असंन तं? सूर चढवायच्या आधी गानाऱ्याले बसवून पाह्यलं का?"

'ले'वरून आपल्याच बाजूचा कोणी पोरगा दिसतो, गोंदियाचा नाहीतर नागपूरचा. कौतुक कोल्हापूरचे करतात आणि नाक मुरडायला आपलाच माणूस पुढे. मी त्याचे दोन गुण कापले. माझा एक गेला, जाऊ दे. हजाराच्या वर होतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भुपेंद्र पेटी घेऊन गेला. त्याला फोनवर शेंदरी नाव दाखवलं. त्याने त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "मंडळात सबन लोकायले दाखवतो. आमच्या पेटीले वस्तादाचा हात लागला." मी नको नको म्हटलं, पण फोटो नीट येईल असा फोन धरला.

जेवताना भाजीत मीठ नव्हतं. मेघाच्या हातून असं कधी होत नाही. रुखमिणी म्हणाली, "ध्यान नाही पोरीचं. माहेराकडची काही चिंता असंन." असेल.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी चांगली झाली. लवकर येणारा हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे. मेघा उद्या भाऊबीजेला बपेऱ्याला जाईल ती मंडई करूनच येईल. रुखमिणी गुड्डीला बजावत होती, "मांगच्या सालासारखी हिरव्या फुग्यासाठी बोंबलू नोको. तुह्या मायले दंडार आयकू नाही दिली तू." पाच वर्षांच्या पोरीला मागच्या सालचं काय आठवणार? ती म्हणाली, "या साली लाल घेईन."

२५ ऑक्टोबर, शनिवार

बपेऱ्याला तालमीला जाऊन आलो. भुपेंद्रनेच बोलावलं होतं, वस्तादांनी एकदा ऐकावं म्हणून. व्याह्यांनी खुर्ची दिली. मी मोठ्या थाटात बसलो.

जागेश्वरभाऊंनी सूर लावला आणि आवाज फाटला.

पुन्हा लावला. वर जाताना ताण पडला, गळ्याची शीर उभी राहिली. ढोलकीवाला परसराम म्हणाला, एक पट्टी खाली घ्या. खाली घेतलं तर आवाज पोटात जाऊन बसला. पुन्हा वर घेतलं. गाणं पुढे सरकेना. विशेषतः गंधारावर थांबले की पेटी आणि गळा एकमेकांशी भांडल्यासारखे वाटत. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबले आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

"पेटी तं तुमी सोन्यासारखी केली जी. माहाच गळा गेला. चार दिवसापासून पाहून राह्यलो. हजार गुनवाल्या माणसाची पेटी खोटी कशी राहीन?"

भुपेंद्र म्हणाला, या साली मोबाइलवरची गाणी लावू, पोरं नाचतील. जागेश्वरभाऊ म्हणाले, "हो, तसंच करा. मी खाली बसून पाहीन. लय वर्सं गायलो. आता पुरे." असं म्हणून त्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

मेघा दारात उभी होती. ती मोठ्या बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. मी नजर दुसरीकडे वळवली. वय कोणाला चुकलं, असं काहीतरी बोललो आणि निघालो. बसमध्ये मन लागलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चहा घेताना ते वाक्य आठवलं. फोन काढून पुन्हा वाचलं. "गानाऱ्याले बसवून पाह्यलं का?"

नाही पाहिलं.

मग एकेक करून सगळं डोक्यात उजेडासारखं पसरलं. ती पेटी बिघडून उतरली नव्हती. कोणीतरी कधीतरी जागेश्वरभाऊंना समोर बसवून, त्यांचा आवाज जिथे मोकळा होतो तिथे एकेक सूर आणून ठेवला होता. गंधार त्यांच्या गळ्याचा होता. मी ॲप लावलं आणि म्हाताऱ्याचा गळा घासून टाकला. वर ते मलाच हात जोडतात. माझ्या शेंदरी नावामुळे त्यांना पेटीवर शंका घेता आली नाही, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतली.

खरं लिहितो, पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. कोणाला कळणार नव्हतं. म्हातारा माणूस, आवाज गेला, संपलं. माझे हजार शाबूत.

रुखमिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "मंग नोका सांगू. जागेश्वरभाऊ काय, बसतीन खाली. तुमचं नाव तं रंगीत राहीन ना."

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सूर परत उतरवता येतील, पण किती? मी आधीची मापं घेतली नव्हती. 'आधी'च्या आवाजात नुसती फुसफुस. मीच गंमत म्हणून तेवढीच टाकली होती. जागेश्वरभाऊंना बसवून लावावं तर गेले चार दिवस चढ्या पेटीमागे ताणून त्यांचा गळा सुजलेला, आणि त्यांना स्वतःच्या सुराचा भरवसाच उरलेला नाही. आता एकच आधार, त्या पेटीचं कोणीतरी मागे केलेलं ध्वनिमुद्रण.

पेटीघरवर एक सोय आहे. आपला प्रश्न सगळ्यांच्या फोनवर पोचवायचा असेल तर आपले गुण पणाला लावायचे. जितके जास्त, तितक्या जास्त लोकांना घंटी वाजते. चांगलं उत्तर येवो न येवो, लावलेले गुण आपल्याला परत मिळत नाहीत. आलंच तर ते उत्तर देणाऱ्याला.

मी लिहिलं: "बपेऱ्याची पेटी मी बिघडवली. सगळे सूर हिरव्या रेघेवर आणले आणि ज्याच्यासाठी ती लावली होती तो गायक गाणं सोडून बसला आहे. चूक त्याच्या गळ्याची नाही, माझी आहे. 'मुकी पट्टी' यांनी वेळेवर विचारलं होतं, मी त्यांचे गुण कापले. तीस तारखेला मंडई आहे. या पेटीचा जुना आवाज कोणाकडे असेल तर द्या. आणि सूर उतरवताना काय सांभाळू तेही सांगा."

किती गुण, असं फोनने विचारलं. मी सगळे म्हटलं. नाव क्षणात राखाडी झालं, पुढे आकडा एक. नवीन आलेल्या माणसाला असतो तेवढा.

मग जेवलो. पोटभर जेवलो, हे नवल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

उठायच्या आत उत्तरं आली होती. एकाने लिहिलं, "वस्ताद पडले." दुसऱ्याने त्यालाच झापलं. 'जुनी पेटी' यांनी एवढं मोठं उत्तर लिहिलं की मी दोनदा चष्मा पुसला. जिभेच्या मुळाशी कुठे घासायचं, किती थोडं, मध्ये किती वेळ थांबायचं, एका गळ्यासाठी लावलेल्या पेटीत गंधार का खाली ठेवतात, सगळं. शेवटी: "हे मीही एकदा केलं आहे. सांगायचं धाडस झालं नव्हतं." मस्कतवाल्याने तर फोन नंबर दिला, अडलात तर कधीही करा म्हणून. ही माणसं माझी कोण लागतात?

आणि दुपारी 'मुकी पट्टी'चं उत्तर आलं. एक शब्दही न लिहिता फक्त मागच्या मंडईचा आवाज, सव्वा तासाचा. पेटी, ढोलकी, टाळ आणि जागेश्वरभाऊ, असे मोकळे की ऐकताना माझाच ऊर भरला. मधूनमधून एक पोर हिरव्या फुग्यासाठी भोकाड पसरतं आणि बाई तिला दबक्या आवाजात गप्प करते. ते फार आडवं येतं. ते सोडून उरलेल्या जागांतून एकेक सूर वेचावा लागतो. पण आहे, सगळं आहे.

हाच तो, ज्याचे मी गुण कापले. त्याच्याच उत्तरावर बोट ठेवून मी सगळे गुण त्याला दिले. आता नाव शेंदरी आहे ते मुकी पट्टीचं. आभार लिहायला गेलो तर फोन म्हणाला, पन्नास गुण लागतील. माझ्याकडे एक.

संध्याकाळी विक्कीच्या गाडीवर बसून बपेऱ्याहून पेटी आणली. भुपेंद्रला सांगितलं, दोष माझा आहे, मोबाइलवरची गाणी राहू दे. तो गडबडला. मेघा अंगणात होती. माझ्याकडे बघून तिने पदर नीट केला आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. धुळीत गाडीवरून आलो म्हणून असेल, पण ते पाणी फार गोड लागलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस दुसरं काही केलं नाही. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला पेटी. ॲप उघडलंच नाही. मुळाशी एक हात घासायचं, थांबायचं, ऐकायचं. आज दुपारी गंधार त्या आवाजातल्या गंधाराला जाऊन मिळाला आणि दोन्ही आवाजांमधली थरथर एकदम थांबली. रुखमिणी भांडी घासत होती. ती तिथूनच म्हणाली, "हां. आता जागेश्वरभाऊची पेटी वाटते." तिला सुरातलं काही कळत नाही असं मी आजवर समजत होतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मंडई. सकाळीच पेटी घेऊन पोचलो. जागेश्वरभाऊ धोतर-सदऱ्यात बसले होते, फेटा खुंटीला. मी सगळ्यांसमोर सांगितलं. "भाऊ, गळा तुमचा बरोबर होता. पेटी मी खोटी केली होती."

ते माझ्याकडे वळले. वाटलं, आता काय बोलतील. म्हणाले, "मंग मले आठ दिवस उगाच सुंठ चाटवली घरच्यायनं?"

पोरं हसली. भाऊंनी पेटीकडे न बघता नुसता सा लावून बघितला, हळूच, पाय बुडवून पाण्याचा अंदाज घ्यावा तसा. पेटी खालून येऊन भिडली. त्यांनी डोळे मिटले. वर गेले, गंधारावर थांबले, आणि तिथेच थांबून राहिले. मग उठून खुंटीवरचा फेटा काढला.

दुपारी दंडार झाली. पाळण्यांचा आणि भोंग्यांचा गोंगाट होता, तरी आवाज थेट बाजारापर्यंत गेला. गुड्डीने लाल फुगा घेतला. मी मागे उभा राहून रडलो आणि कोणी विचारलं असतं तर धूळ म्हणालो असतो. जाताना भाऊंनी माझा हात धरला. "तुमी नसतं सांगतलं तं मी मरेपर्यंत समजलो असतो का माहा गळा गेला म्हून." आभार मी मानायचे, तर तेच मानत होते.

२ नोव्हेंबर, रविवार

मेघा आणि गुड्डी परत आल्या. घर भरलं.

मुकी पट्टीचे आभार अजून राहिलेत. प्रश्नाला गुण मिळत नाहीत, उत्तराला मिळतात. म्हणून नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन गुण जमवतो आहे. पट्टी चिकटते, पावडर टाकू का? नको रे बाबा. भात्याला कोणता गोंद? पूर्वी असल्या प्रश्नांकडे मी ढुंकूनही बघत नव्हतो. आज एका पोराने लिहिलं, "काका, चालू झाली पेटी." बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पन्नास पार झाले. हात धुऊन, खुर्चीवर नीट बसून मुकी पट्टीसाठी लिहायला घेतलं. "आपण कोण आहात मला ठाऊक नाही. मी आपला अपमान केला आणि आपण माझी लाज राखलीत." एवढं झाल्यावर वाटलं, तो आवाज एकदा ऐकावा, म्हणजे शब्द चांगले येतील. लावला. गुड्डी शेजारी पाटीवर रेघोट्या ओढत होती.

पोर फुग्यासाठी रडायला लागलं. बाई दबक्या आवाजात म्हणाली, "चूप बस गुड्डी, मोठे आबाजी गाऊन राह्यले ना."

गुड्डीने पाटी टाकली. "हे मी हावो! हे माही आई होय!"

मी तो आवाज किती वेळा ऐकला असेल? आणि दर वेळी तेवढी जागा सोडून ऐकला. फक्त सुराकडे कान होता. त्यात माझ्या नातीचं नाव होतं, माझ्या सुनेचा आवाज होता, आणि मी तो आडवा येतो म्हणत होतो.

मग मागचं सगळं आठवलं. दारातलं ते अर्धं वाक्य, 'थे पेटी मोठ्या बाबाजीच्या...' आणि मी म्हटलं, गुड्डीला पाह्य. समोर बोलता आलं नाही म्हणून तिने आतल्या खोलीतून, नाव बदलून विचारलं. आणि मी ओसरीवर बसून तिचे गुण कापले. मध्ये फक्त एक भिंत होती. मीठ नसलेली भाजी खाऊन मी झोपलो होतो.

लिहिलेलं पुसून टाकलं. हे फोनवर लिहायचं नाही. पण समोर काय म्हणू? मेघा, उपकार झाले? सासऱ्याच्या तोंडून असं काही ऐकलं तर ती पोरगी आधी घाबरेल. गुड्डीला म्हटलं, आईला सांगू नकोस. ती लगेच सांगायला पळाली. सुदैवाने मेघा विहिरीवर होती आणि वाटेत गुड्डीला मांजर भेटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

गोदावरीबाईंच्या भजन मंडळाची पेटी आली आहे. त्या एकट्याच गातात. बाकीच्या टाळ धरतात. काल त्यांना समोर बसवून अर्धी पेटी त्यांच्या गळ्यावर लावून घेतली. त्यांचं गाणं ऐकायला मेघा दाराआड उभी होती, तिची सावली दिसत होती.

आज सकाळी ओसरीवर बसलो. रुखमिणी शेतावर गेलेली, मेघा स्वयंपाकघरात. मी ॲप काढलं, गंधार बरोबर हिरव्या रेघेवर आणला, आणि मुद्दाम तिथेच सोडला. फोन पालथा ठेवला. सा आणि गंधार एकत्र दाबून भाता मारत राहिलो. दोन्ही सुरांमध्ये थरथर चालू. मी चेहरा असा केला की जणू काम फत्ते झालं.

आत पोळपाटावरचं लाटणं थांबलं. मी भाता मारत राहिलो. लाटणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मी फोनकडे पाहिलं, काही वाजलं नाही. मनात म्हटलं, बोल बेटा, बोल.

"मामाजी."

दारात उभी होती. हाताला पीठ.

"चढला जी."

"किती?"

"थोडासाच. बाईचा गंधार काल खाली होता." आणि मग, बोलून गेल्यावर, तिने जीभ चावली.

मी भाता सोडला. सगळं ठरवून ठेवलेलं विसरलो. म्हटलं, "मेघा, तू सांगतलं हे लय बरं केलं. तवाही तूच सांगतलं होतं. तुह्यामुळं जागेश्वरभाऊ गायले. माही लाज तू राखली, बेटा. मी तुहा आभारी हावो."

ती खाली बघत राहिली. मला वाटलं, रडते की काय. मग पदराआडून आवाज आला.

"तवा सांगतलं तं दोन गुन काटले होते जी तुमी माहे."

"अन् एक माहाही गेला होता," मी म्हटलं.

ती हसली. सात वर्षांत तिचं हसणं मी समोरून पहिल्यांदा पाहिलं. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, तशी ती पळाली, गॅस बंद करून हात धुऊन परत आली आणि पेटीच्या पलीकडे बसली. मी कानस घेतली. तिने कान दिला. जेवायच्या आधी आम्ही गंधार खाली आणला.